ऊतक घटक

ऊतक घटक हे मनुष्य व इतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या काही पेशींच्या पटलावर आढळणारे प्रथिन आहे. जखम झाल्यावर रक्त साखळण्याची क्रिया प्रामुख्याने याच प्रथिनापासून सुरू होते. टिश्यू फॅक्टर, घटक-३, ऊतक थ्रॉम्बोप्लास्टिन आणि सीडी-१४२ ही त्याची इतर नावे आहेत. निरोगी अवस्थेत ऊतक घटक रक्तवाहिन्यांच्या भिंतीबाहेरील पेशींवर असतो आणि वाहत्या रक्ताशी त्याचा संपर्क येत नाही. वाहिनी फाटली की हा संपर्क घडतो व काही मिनिटांत गुठळी तयार होते. हाच संपर्क आजारामुळे रक्तवाहिनीच्या आत घडल्यास हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा सर्व शरीरभर रक्त साखळण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणातील महाड व पोलादपूर या तालुक्यांसारख्या डोंगराळ भागात, रक्त साखळण्याच्या क्रियेचा प्रश्न सर्पदंशाच्या निमित्ताने वारंवार उभा राहतो. घोणस आणि फुरसे या सापांचे विष ऊतक घटकाला वगळून साखळण्याच्या साखळीतील पुढच्या टप्प्यांवर थेट क्रिया करते. त्यामुळे या विषाचा अभ्यास ऊतक घटकाचे नेमके स्थान समजून घेण्यास उपयुक्त ठरतो.

शोधाचा इतिहास

ऊतकांच्या अर्कामुळे रक्त साखळते हे एकोणिसाव्या शतकात लक्षात आले होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी द ब्लेनव्हिल यांनी १८३४ मध्ये मेंदूच्या ऊतकाचे द्रावण प्राण्यांच्या शिरेत टोचले असता ते प्राणी तत्काळ मेले व त्यांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या आढळल्या. जर्मन वैद्य पाउल मोराविट्झ यांनी १९०५ मध्ये रक्त साखळण्याचा पहिला सुसंगत सिद्धांत मांडला. त्यात चार द्रव्ये गृहीत धरली होती : फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, कॅल्शियम आणि ऊतकांतून येणारे थ्रॉम्बोकायनेज. यांपैकी शेवटचे द्रव्य म्हणजेच आजचा ऊतक घटक होय.

अमेरिकी वैद्य आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये ऊतकांच्या अर्काचा उपयोग करून प्रोथ्रॉम्बिन काल ही चाचणी तयार केली. १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट मॅक्फार्लेन यांनी आणि अमेरिकेत अर्ल डेव्ही व ऑस्कर रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले, की साखळण्याचे घटक एकामागून एक सक्रिय होतात आणि प्रत्येक टप्प्यावर क्रियेचा वेग वाढत जातो. या मांडणीत ऊतक घटकापासून सुरू होणाऱ्या मार्गाला बाह्य मार्ग आणि काचेसारख्या पृष्ठभागाच्या संपर्कातून सुरू होणाऱ्या मार्गाला आंतर मार्ग असे नाव पडले. १९७७ मध्ये ऑस्टरूड व रॅपापोर्ट यांनी ऊतक घटकाचे संकुल घटक-९ लाही सक्रिय करते हे सिद्ध केले. त्यामुळे शरीरात हे दोन मार्ग वेगळे नसून परस्परांशी जोडलेले आहेत हे स्पष्ट झाले.

गाईच्या मेंदूपासून शुद्ध स्वरूपात ऊतक घटक १९८१ मध्ये मिळवण्यात आला. मानवी ऊतक घटकाचा जनुकीय अनुक्रम १९८७ मध्ये अनेक संशोधक गटांनी जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध केला. १९९६ मध्ये ऊतक घटक व सक्रिय घटक-७ यांच्या संकुलाची त्रिमितीय रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने उलगडली.

रचना

मानवी ऊतक घटकाचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असून त्याला एफ-३ म्हणतात. परिपक्व प्रथिन २६३ अमिनो आम्लांचे असते. त्यातील २१९ अमिनो आम्लांचा भाग पेशीबाहेर असतो, २३ अमिनो आम्लांचा भाग पेशीपटलात रुतलेला असतो आणि उरलेली २१ अमिनो आम्ले पेशीच्या आत असतात. साखळण्याच्या क्रियेतील बहुतेक घटक रक्तद्रवात विरघळलेल्या अवस्थेत फिरतात. ऊतक घटक मात्र पेशीपटलाला जखडलेला असतो. यामुळे गुठळी जखमेच्या जागीच तयार होते.

ऊतक घटकाची घडण साखळण्याच्या इतर घटकांपेक्षा वेगळी आहे. सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचे जे ग्राही असतात, त्यांच्या एका कुळाशी तिचे साम्य आहे. ऊतक घटक स्वतः विकर नाही. घटक-७ हे विकर असून ऊतक घटक त्याचा ग्राही व सहघटक म्हणून काम करतो. ऊतक घटकाशी जोडले गेल्यावर घटक-७ ची कार्यक्षमता हजारो पटींनी वाढते.

पेशीवरील सर्वच ऊतक घटक सर्वकाळ कार्यक्षम नसतो. पेशीपटलाच्या आतील थरातील फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य पेशीला इजा झाल्यावर बाहेरच्या थरात येते. त्याच्या सान्निध्यात ऊतक घटकाची क्रियाशीलता मोठ्या प्रमाणात वाढते.

शरीरातील वितरण

रक्तवाहिन्यांच्या बाह्य आवरणातील पेशींवर ऊतक घटक विपुल असतो. त्वचेच्या व श्लेष्मल पटलांच्या आच्छादक पेशींवरही तो आढळतो. मेंदू, फुप्फुसे आणि गर्भावस्थेतील वार या अवयवांत त्याचे प्रमाण विशेष असते. ज्या अवयवांतील रक्तस्राव जिवावर बेततो, तेथे हे संरक्षण भक्कम असते. रक्तवाहिन्यांच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी आणि रक्तातील पेशी निरोगी अवस्थेत ऊतक घटक जवळजवळ तयार करत नाहीत. त्यामुळे रक्ताभोवती एक कोष असावा तसे हे वितरण असते.

कंकाल स्नायू व सांधे यांत ऊतक घटकाचे प्रमाण कमी असते. हिमोफिलिया या आनुवंशिक विकारात घटक-८ किंवा घटक-९ कमी पडतो आणि साखळण्याची सगळी भिस्त ऊतक घटकाच्या मार्गावर येते. हा मार्ग जेथे मुळातच दुर्बल आहे, त्या सांध्यांत व स्नायूंत या रुग्णांना वारंवार रक्तस्राव का होतो, याचे एक स्पष्टीकरण या वितरणातून मिळते.

जनुक निकामी केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत ऊतक घटक अजिबात नसलेले बहुतेक उंदीर भ्रूणावस्थेतच मरतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. साखळण्याच्या इतर अनेक घटकांच्या अभावी उंदीर जन्माला येऊ शकतात. यावरून ऊतक घटकाची अपरिहार्यता लक्षात येते.

रक्त साखळण्यातील कार्य

रक्तात घटक-७ चा सुमारे एक टक्का भाग आधीपासूनच सक्रिय स्वरूपात फिरत असतो. वाहिनी फाटल्यावर तो ऊतक घटकाला चिकटतो. कॅल्शियमच्या उपस्थितीत हे संकुल घटक-१० व घटक-९ यांना सक्रिय करते. सक्रिय घटक-१० हा घटक-५ च्या साहाय्याने प्रोथ्रॉम्बिनचे रूपांतर थ्रॉम्बिनमध्ये करतो. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू तयार करते आणि घटक-१३ त्या तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधतो. तंतूंच्या या जाळ्यात बिंबाणू व तांबड्या पेशी अडकून टिकाऊ गुठळी तयार होते.

सध्याच्या मांडणीनुसार ही क्रिया तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ऊतक घटकामुळे अल्पसे थ्रॉम्बिन तयार होते. दुसऱ्या टप्प्यात हे अल्प थ्रॉम्बिन बिंबाणूंना तसेच घटक-५, घटक-८ व घटक-११ यांना सक्रिय करते. तिसऱ्या टप्प्यात बिंबाणूंच्या पृष्ठभागावर फार मोठ्या प्रमाणात थ्रॉम्बिन निर्माण होते. पहिला टप्पा ठिणगीसारखा असला, तरी तिसऱ्या टप्प्याशिवाय पक्की गुठळी बनत नाही. हिमोफिलियात हाच तिसरा टप्पा कमकुवत असतो.

नियंत्रण

ऊतक घटकाची क्रिया थांबवणारे मुख्य प्रथिन म्हणजे ऊतक घटक मार्ग-निरोधक होय. ते आधी सक्रिय घटक-१० शी जोडले जाते आणि मग ऊतक घटक व घटक-७ यांच्या संकुलाला निष्क्रिय करते. म्हणजे क्रिया सुरू झाल्याची खूण मिळताच तिचा उगम बंद करण्याची ही व्यवस्था आहे. याखेरीज अँटीथ्रॉम्बिन व प्रथिन-सी यांच्यामुळे पुढच्या टप्प्यांवर नियंत्रण राहते, तर प्लास्मिन हे विकर तयार झालेली गुठळी विरघळवते.

प्रयोगशाळेतील उपयोग

प्रोथ्रॉम्बिन काल मोजताना सायट्रेट मिसळून पातळ ठेवलेल्या रक्तद्रवात ऊतक घटक, मेदद्रव्ये व कॅल्शियम घालतात आणि फायब्रिन तयार होण्यास लागणारा वेळ मोजतात. निरोगी व्यक्तीत तो साधारणपणे ११ ते १४ सेकंद असतो. ऊतक घटकासाठी पूर्वी प्रामुख्याने सशाच्या मेंदूचा अर्क वापरत; आता जनुकीय तंत्राने तयार केलेला मानवी ऊतक घटकही वापरला जातो.

निरनिराळ्या अर्कांची तीव्रता सारखी नसल्यामुळे एकाच रक्ताचे दोन प्रयोगशाळांत वेगळे निष्कर्ष येत. ही अडचण दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तराची पद्धत स्वीकारली. वैद्यकीय व्यवहारात त्याला आयएनआर म्हणतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांना वॉरफरिन हे औषध देतात. त्याची मात्रा या गुणोत्तरावरून ठरते आणि बहुतेक रुग्णांत ते २ ते ३ च्या दरम्यान ठेवले जाते. गुणोत्तर कमी राहिले तर गुठळीचा आणि जास्त झाले तर रक्तस्रावाचा धोका असतो. वॉरफरिनमुळे के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले २, ७, ९ व १० हे घटक कमी होतात. त्यांपैकी घटक-७ चे आयुष्य केवळ काही तासांचे असल्याने प्रोथ्रॉम्बिन काल सर्वांत आधी वाढतो.

रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकारांचे निदान व संशोधन करणाऱ्या भारतातील प्रमुख संस्थांपैकी एक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे.

आजारांमधील भूमिका

धमनीविकार : धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या मेदयुक्त थरात ऊतक घटक मोठ्या प्रमाणात असतो. थरावरचे पातळ आवरण फाटले की तो रक्ताच्या संपर्कात येतो व जागीच गुठळी बनते. हृदयाच्या धमनीत असे घडल्यास हृदयविकाराचा झटका आणि मेंदूच्या धमनीत घडल्यास पक्षाघात होतो.

जंतुसंसर्ग : रक्तात पसरलेल्या तीव्र संसर्गात जिवाणूंच्या विषद्रव्यांमुळे मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ऊतक घटक तयार करू लागतात. परिणामी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत सर्वत्र गुठळ्या होऊन मूत्रपिंडे, फुप्फुसे आदी अवयव निकामी होऊ शकतात. साखळण्याचे घटक व बिंबाणू खर्ची पडल्याने त्याच रुग्णाला रक्तस्रावही होतो. या अवस्थेला विकीर्ण अंतर्वाहिनी रक्तक्लथन म्हणतात. डॉक्टर तिचा उल्लेख डीआयसी असा करतात.

प्रसूती : वारेत ऊतक घटक विपुल असतो. वार वेळेआधी सुटल्यास किंवा गर्भजल मातेच्या रक्तात शिरल्यास डीआयसी होऊन मातेच्या जिवाला धोका निर्माण होतो.

मेंदूची इजा : मेंदूतील ऊतक घटक डोक्याच्या गंभीर जखमेनंतर रक्तात मिसळतो. त्यामुळे अशा रुग्णांत साखळण्याच्या क्रियेचा समतोल बिघडतो.

कर्करोग : कर्करोग व शिरेतील गुठळ्या यांचा संबंध फ्रेंच वैद्य आरमाँ ट्रूसो यांनी १८६५ मध्ये नोंदवला. स्वादुपिंडाच्या व मेंदूच्या कर्करोगांसह अनेक कर्करोगांच्या पेशींवर ऊतक घटकाचे प्रमाण वाढलेले असते. या पेशींपासून सुटणारे सूक्ष्म कणही ऊतक घटक वाहून नेतात. ऊतक घटक पेशींना आतून संदेशही पाठवतो. गाठीची वाढ आणि तिच्यातील नव्या रक्तवाहिन्यांची निर्मिती यांत या संदेशांचा सहभाग असतो.

सर्पविष आणि ऊतक घटक

भारतातील बहुतेक जीवघेण्या सर्पदंशांना नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप जबाबदार मानले जातात. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते. घोणस व फुरसे यांच्या विषाचा मुख्य परिणाम रक्त साखळण्याच्या क्रियेवर होतो.

घोणसाच्या विषातील एक विकर घटक-१० ला आणि दुसरे विकर घटक-५ ला थेट सक्रिय करते. फुरशाच्या विषातील इकॅरिन हे विकर त्याहून पुढच्या टप्प्यावर, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनवर क्रिया करते. दोन्ही प्रकारांत ऊतक घटकाची गरज पडत नाही. ऊतक घटकाच्या पातळीवरील नियंत्रणही त्यामुळे निरुपयोगी ठरते. विष रक्तात फिरत असल्याने ही क्रिया एका जागी न होता सर्वत्र होते. फायब्रिनोजेन व इतर घटक काही तासांत संपतात आणि रक्त साखळेनासे होते. हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून, लघवीतून, तसेच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

या अवस्थेला पूर्वी डीआयसी म्हणत. आता तिची गणना विषजन्य उपभोगी रक्तक्लथन दोष अशी स्वतंत्रपणे होते. डीआयसीचा उगम ऊतक घटकात असतो आणि मूळ आजार बरा झाल्याशिवाय ती थांबत नाही. विषजन्य दोष मात्र विष निष्प्रभ झाल्यावर साधारणपणे एक-दोन दिवसांत ओसरतो.

विषाच्या या गुणाचा वैद्यकातही उपयोग झाला आहे. मॅक्फार्लेन यांनी बर्जेस बार्नेट यांच्यासह १९३४ मध्ये घोणसाचे विरल केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर लावून रक्तस्राव थांबवता येतो असे दाखवले होते. विरल घोणसविषावर आधारित चाचणी आजही ल्युपस प्रतिक्लथक ही प्रतिपिंडे ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत केली जाते.

महाड व पोलादपूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महाड व पोलादपूर हे तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात व सह्याद्रीच्या उतारांवर वसलेले आहेत. भातशेती, गवतकापणी व लाकूडफाटा गोळा करणे या कामांत हात व पाय सापांच्या टप्प्यात येतात. फुरसे आकाराने लहान असून दगडांच्या आडोशाला राहते, तर घोणस शेतात व बांधांवर आढळते. पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरातील गावातून दंशाच्या रुग्णाला रुग्णालयात आणण्यासाठी घाटातील रस्ता उतरावा लागतो. विषामुळे साखळण्याचे घटक खर्ची पडत असताना हा वेळ निर्णायक ठरतो.

महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे काम या परिसराच्या वैद्यकीय इतिहासात महत्त्वाचे आहे. १९७० च्या दशकात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी केल्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते हे दाखवणारे त्यांचे लेखन 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाच्या रुग्णांविषयीही त्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

प्रोथ्रॉम्बिन काल मोजण्याची सोय नसलेल्या आरोग्य केंद्रांत वीस मिनिटांची रक्त साखळण्याची चाचणी वापरली जाते. रुग्णाचे सुमारे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या व नव्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. त्यानंतर नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर साखळण्याचा दोष आहे असे मानतात. या चाचणीत ऊतक घटक मिसळलेला नसतो. काचेच्या पृष्ठभागामुळे आंतर मार्ग सुरू होतो. म्हणून प्लास्टिकची किंवा साबणाच्या द्रावणाने धुतलेली नळी वापरल्यास निष्कर्ष चुकतो.

दोष आढळल्यास चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष शिरेतून देतात. मुंबईतील हाफकिन संस्थेचा भारतातील प्रतिविषनिर्मितीशी जुना संबंध आहे. प्रतिविष फिरत्या विषाला निष्प्रभ करते, परंतु संपलेले घटक परत देत नाही. ते यकृताला नव्याने तयार करावे लागतात व त्यास काही तास लागतात. म्हणूनच चाचणी सुमारे सहा तासांनी पुन्हा करून प्रतिविषाच्या पुढील मात्रेचा निर्णय घेतला जातो. विष रक्तात सक्रिय असताना केवळ रक्तद्रव दिल्यास त्यातील घटकही विषामुळे खर्ची पडू शकतात.

याच कारणामुळे दंशाच्या जागी काप घेणे धोक्याचे ठरते, कारण न साखळणाऱ्या रक्ताचा स्राव लहानशा जखमेतूनही थांबत नाही. घट्ट आवळपट्टी बांधणे किंवा मंत्रतंत्रात वेळ घालवणे यांनीही हानी होते. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिविष उपलब्ध असलेल्या ठिकाणी नेणे हाच मान्य प्रथमोपचार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याच्या उद्दिष्टाने केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

उपचारांतील उपयोग

जनुकीय तंत्राने तयार केलेला सक्रिय घटक-७ हा हिमोफिलियाच्या ज्या रुग्णांत घटक-८ किंवा घटक-९ विरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत, त्यांच्या रक्तस्रावावर वापरला जातो. ऊतक घटक मार्ग-निरोधकालाच अडवून साखळण्याची क्रिया वाढवणारी मार्स्टासिमॅब व कॉन्सिझुमॅब ही प्रतिपिंड-औषधे अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाली. याउलट रिव्हारॉक्साबॅन व ॲपिक्साबॅन ही गोळ्यांच्या रूपातील औषधे सक्रिय घटक-१० ला रोखून गुठळ्या टाळतात.

कर्करोगात ऊतक घटकाचा उपयोग लक्ष्य म्हणून केला जातो. टिसोटुमॅब व्हेडोटिन या औषधात ऊतक घटकाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला पेशीनाशक द्रव्य जोडलेले असते. गर्भाशयमुखाच्या पुन्हा उद्भवलेल्या किंवा शरीरात पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये प्राथमिक व २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. जंतुसंसर्गजन्य डीआयसीत ऊतक घटकाची क्रिया रोखण्याचे प्रयत्न मात्र यशस्वी झालेले नाहीत. मार्ग-निरोधकाच्या कृत्रिम रूपाच्या मोठ्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण घटले नाही आणि रक्तस्राव वाढला. जखम भरण्यासाठी आवश्यक असलेली क्रिया अबाधित ठेवून केवळ आजारातील साखळणे थांबवणे, ही या क्षेत्रातील मुख्य अडचण आहे.